गुरुवारची मीटिंग त्रिमितीय खोलीत

मंडळी, येत्या गुरुवारी रात्री ८ वाजता रत्नागिरी, देवगड, मालवणवाल्यांची मीटिंग व्हिडिओ कॉलवर नाही, त्रिमितीय खोलीत आहे. त्यासाठी ‘हब्ज’ वापरतोय, म्हणजे ब्राउझरमध्ये अशी भेटायची खोली उघडणारं सॉफ्टवेअर. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने ते ३१ मे २०२४ ला बंद केलं. कोड खुला असल्याने आपण ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवलंय. हेडसेट लागत नाही, ब्राउझर पुरे.

१. इयरफोन लावाच. इथे लांबच्याचा आवाज बारीक येतो, म्हणून ज्याच्याशी बोलायचंय त्याच्याजवळ जा. चाचणीत मी पाच मिनिटं भिंतीशी एकटाच बडबडत होतो.

२. अवताराला, म्हणजे खोलीत तुमच्या जागी दिसणाऱ्या आकृतीला, स्वतःचं नाव द्या.

३. पावसात लाईटचा भरवसा नाही. लॅपटॉप, फोन दुपारीच चार्ज करा.

लिंक बुधवारी टाकतो. येणार नसाल तर तेव्हाच कळवा.