आईच्या छत्रीला पक्कं नाव देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही हात झटकता आणि विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. एकाच कॉम्प्युटरला दोन-तीन टीव्ही ट्यूनर (कॉम्प्युटरवर टीव्ही लावणारी यंत्रं) जोडून बसलेले आणखी कोणी असतील, तर तुमची पद्धत त्यांच्याही हाती लागेल.

आषाढीच्या त्या रात्रीचं तुम्हाला ठाऊकच आहे. पंढरपूरची शासकीय महापूजा ऐन पहाटे, दोन-अडीचच्या सुमाराला असते आणि सह्याद्री वाहिनी ती थेट दाखवते. आई त्या वाहिनीला अजून ‘मुंबई दूरदर्शन’च म्हणते. इंदुरात ती डीडी फ्री डिशवर, म्हणजे ९३.५ अंशांवरच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून मिळते. आईला आता रात्री जागणं झेपत नाही, म्हणून मी रेकॉर्डिंग लावून ठेवलं होतं. पावसात दोनदा लाइट गेली. कॉम्प्युटर आपला आपण परत सुरू झाला, रेकॉर्डिंगची वेळही त्याने चुकवली नाही, पण सकाळी उघडून बघते तर फाइल शून्य बाइटची. आंघोळ करून, माळ हातात घेऊन आई टीव्हीसमोर बसली होती. काही न बोलता उठून आत गेली. ते मला फार लागलं.

बिघाड कशात आहे हेच मला कळत नव्हतं. गच्चीवर दोन छत्र्या: फ्री डिशची छोटी, आणि केबलच्या जमान्यातली मोठी सी-बँडची, ६८.५ अंशांवरच्या दुसऱ्या उपग्रहाकडे वळवलेली. त्यांना यूएसबीचे दोन अगदी एकसारखे ट्यूनर डबे. शिवाय दूरदर्शनने २०१६ साली इंदूरसह काही शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, तेव्हा हौसेने घेतलेलं, कॉम्प्युटरच्या आत बसणारं पीसीआय ट्यूनर कार्ड, साध्या अँटेनासाठी. या तिन्ही ट्यूनरांना लिनक्स, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम, अ‍ॅडाप्टर शून्य, एक, दोन अशी नावं देतं. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, “दवाखान्यातलं टोकन असतं ना, तसं आहे हे. जो आधी हजर झाला तो शून्य.” त्या रात्री मोठ्या छत्रीचा डबा आधी हजर झाला, आणि रेकॉर्डिंगचा प्रोग्राम सह्याद्रीला भलत्याच दिशेच्या आकाशात शोधत बसला. कार्ड, केबल, छत्रीच्या तोंडावरचा एलएनबी, सगळं ठणठणीत होतं.

पीसीआय कार्डाचं काम तुम्ही दहा मिनिटांत उरकलंत. त्याचा ड्रायव्हर (यंत्र चालवणारा प्रोग्राम) वेगळा, त्यामुळे ड्रायव्हरांच्या सूचना ठेवणाऱ्या मोडप्रोबच्या फाइलमध्ये त्याला ‘अ‍ॅडाप्टर एनआर’ने पाच हा आकडा नेमून दिला की झालं. डब्यांना हा उपाय चालेना. दोघांचा ड्रायव्हर एकच, त्यामुळे नेमलेले आकडेसुद्धा येईल त्या क्रमानेच वाटले जाणार. सीरियल नंबरावरून ओळखावं, तर दोन्ही डब्यांत तो हुबेहूब एकच भरलेला! तिथे मी हात टेकले होते. तुम्ही चष्मा वर सरकवून म्हणालात, “चेहरा सारखा असेना, राहतात तर वेगळ्या खोल्यांत.” खोली म्हणजे यूएसबीचं पोर्ट. युडेव्हला, म्हणजे जोडलेल्या यंत्रांना नावं देणाऱ्या लिनक्सच्या भागाला, पोर्टाच्या पत्त्यावरून डबा ओळखायचा नियम लिहून द्यायचा.

पहिला नियम लागलाच नाही, चूक झाल्याचा संदेशही आला नाही. तुम्ही तासभर टॉर्च घेऊन कॉम्प्युटरच्या पाठीमागे वाकून बसलात, आणि शेवटी चूक सापडली ती कागदावर. खातरजमेसाठी तुम्ही एक गुण (ओळखीची खूण) यूएसबीच्या पायरीवरचा आणि दुसरा त्याच्याही वरच्या कंट्रोलरच्या पायरीवरचा घेतला होता. नियमात यंत्राचे स्वतःचे गुण आणि वरच्या कुठल्याही एकाच पायरीचे गुण चालतात, दोन पायऱ्यांची सरमिसळ चालत नाही. एक ओळ खोडलीत आणि नियम लागला.

मग चॅनेल लागला, तरी रेकॉर्डिंग होईना. मूळ नाव युडेव्हला बदलता येत नाही, त्याच्याकडे बोट दाखवणारं जोडनाव तेवढं देता येतं, आणि आपण ते चॅनेल पकडणाऱ्या फ्रंटएंडलाच दिलं होतं. त्यातून कार्यक्रम वेगळा काढणारा डीमक्स आणि तो रेकॉर्डिंगला पुरवणारा डीव्हीआर तसेच राहिले होते. छोट्या छत्रीच्या या तिन्ही भागांना अ‍ॅडाप्टर वीस या एकाच नावाखाली आणून बसवल्यावर फाइल भरू लागली. मोठ्या छत्रीला एकवीस. त्यानंतर तुम्ही कॉम्प्युटर सहा वेळा बंद-चालू करायला लावलात. खाली शून्य-एकची अदलाबदल दोनदा झाली, वीस आणि एकवीस जागचे हलले नाहीत. डबा चुकून दुसऱ्या पोर्टात गेला तर नाव जाईल, म्हणून माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका पोर्टावर आणि डब्यावर लावलात. साफसफाई करताना तो ठिपका मला रोज दिसतो.

एवढ्या सगळ्यापायी तुम्ही घेतलंत काय, तर एक बशी पोहे, वर भरपूर शेव आणि जिरावण मसाला.

कार्तिकीच्या रात्री साडेबाराला लाइट गेली. मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडले होते, उठून बघायचा धीर होईना. सकाळी आईने पूजा अथपासून इतिपर्यंत पाहिली, मधे एकदा थांबवून पुन्हा पाहिली. तुम्ही त्या नियमाच्या फाइलीत सगळ्यात वर मराठीत एक ओळ टाकून ठेवली आहेत, हे मला परवा कळलं: ‘वीस म्हणजे आईंची छत्री, हात लावू नये.’ मी ती आईला वाचून दाखवली. तिने तुमच्यासाठी बुक्क्याची पुडी काढून ठेवली आहे, ती घेऊन रविवारी वर येते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची
स्नेहलतागंज, इंदूर