वायरलेस ट्रॅकपॅडच्या खोक्यावर ब्लूटूथची आवृत्ती ठळक छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नारायण पेठेत अक्षरजुळणी आणि पानमांडणी करणाऱ्या आमच्यासारख्या अनेकांची मनगटे दिवसभर माउस धरून दुखावली असून, त्यावर उपाय म्हणून बरेच जण आता वायरलेस ट्रॅकपॅडकडे, म्हणजे बोट फिरवून कर्सर हलवण्याच्या बिनतारी पाटीकडे, वळत आहेत. आमचे लॅपटॉप मात्र दहा-बारा वर्षांपूर्वीचे आहेत, कारण पुस्तकाची पाने लावण्याचे काम त्यांवर आजही व्यवस्थित होते. नवा ट्रॅकपॅड आणला की तो लॅपटॉपला सापडत नाही. सापडला तर जोडला जात नाही. जोडला गेलाच तर कर्सर अडखळत फिरतो. तक्रार घेऊन दुकानात गेले की ‘मशीन जुनं झालंय, आता नवीनच घ्या’ असे ठरलेले उत्तर मिळते. हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते आणि त्यापायी लोकांचे हजारो रुपये खर्ची पडतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिली अडचण ब्लूटूथच्या आवृत्तीची असते. २०१० मध्ये आलेल्या ब्लूटूथ ४.० मध्ये ‘लो एनर्जी’ ही कमी वीज खाणारी पद्धत प्रथम आली, आणि २.१ किंवा ३.० या आधीच्या आवृत्त्यांना ती उमगत नाही. ट्रॅकपॅड केवळ याच पद्धतीवर चालणारा असेल, तर अशा लॅपटॉपवर कितीही वेळा शोध घेतला तरी त्याचे नाव यादीत येणार नाही. त्यातच विंडोज ७ मध्ये लो एनर्जीची अंगभूत सोय नाही. ती विंडोज ८ पासून मिळू लागली. ॲपलने २०१५ मध्ये मॅजिक ट्रॅकपॅड २ आणला, तेव्हा त्यासाठी ब्लूटूथ ४.० असलेला मॅक संगणक आणि त्यावर ओएस एक्स १०.११ ही प्रणाली लागेल, असे स्पष्ट सांगितले होते. स्वस्तातल्या अनेक ट्रॅकपॅडच्या खोक्यांवर मात्र ‘सर्व लॅपटॉपवर चालतो’ एवढेच मोघम वाक्य असते.

आपल्या लॅपटॉपमध्ये काय आहे, हे पाहणे अवघड नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ ॲडॉप्टरच्या (लॅपटॉपमधल्या ब्लूटूथच्या भागाच्या) प्रॉपर्टीज उघडून ॲडव्हान्स्ड या भागात जावे. तिथे एलएमपी या अक्षरांपुढे एक आकडा दिसतो. तो ४ असेल तर ब्लूटूथ २.१, ५ असेल तर ३.० आणि ६ असेल तर ४.० समजावे. आकडा सहापेक्षा कमी निघाला तरी लॅपटॉप मोडीत काढण्याचे कारण नाही. त्यावर विंडोज ८ किंवा त्यापुढचे काही असेल, तर यूएसबीत बसणारा ब्लूटूथ ४.० चा डाँगल थोड्या पैशांत मिळतो. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ ॲडॉप्टर वापरत असल्याने, डाँगल लावण्यापूर्वी लॅपटॉपमधला मूळ ॲडॉप्टर डिसेबल करावा लागतो. ही साधी गोष्ट कोणी न सांगितल्यामुळे चांगले डाँगल ‘खराब’ म्हणून परत गेलेले मी पाहिले आहेत.

स्वतःच्या यूएसबी रिसीव्हरसह येणाऱ्या ट्रॅकपॅडला लॅपटॉपच्या ब्लूटूथची गरज नसते, त्यामुळे विंडोज ७ वाल्यांना मी तोच सुचवतो. त्याचीही एक खोड आहे. आमच्या शेजारच्या टेबलावर बॅकअप सुरू झाला की कर्सर उड्या मारू लागे. रिसीव्हर निळ्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये होता आणि त्याला खेटूनच बाहेरच्या हार्ड डिस्कची वायर लावलेली होती. यूएसबी ३.० मधून माहितीची ने-आण चालू असताना, रिसीव्हर ज्यावर चालतो त्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात व्यत्यय येतो, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले आहे. रिसीव्हर एक्स्टेन्शन वायरने हातभर दूर, ट्रॅकपॅडच्या शेजारी आणून ठेवल्यावर कर्सर सुतासारखा सरळ चालू लागला.

कर्सर नीट फिरतो, पण दोन बोटांनी पान सरकत नाही, अशी तक्रार असेल तर लॅपटॉप ट्रॅकपॅडला साधा माउस समजत असतो. तेव्हा उत्पादकाचे ड्रायव्हर, म्हणजे ट्रॅकपॅड ओळखायला लावणारे सॉफ्टवेअर, घालावेत. थोडा वेळ हात काढला की ट्रॅकपॅड झोपी जात असेल, तर ॲडॉप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधील वीजबचतीची खूण काढून पाहावी.

विंडोज ७ चा सुरक्षा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला. इंटरनेटवर बँकेचे व्यवहार करणाऱ्याने तेवढ्यासाठी पुढची प्रणाली जरूर घ्यावी, पण ट्रॅकपॅड चालत नाही हे नवा लॅपटॉप घेण्याचे कारण होऊ शकत नाही.

वस्तूचा दर्जा आणि मानक यांची माहिती मिळणे हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने दिलेला हक्क आहे. त्याला अनुसरून ट्रॅकपॅडला ब्लूटूथची आणि विंडोजची किमान कोणती आवृत्ती लागते, हे खोक्याच्या दर्शनी भागावर मराठीतही छापणे सरकारने बंधनकारक करावे. तपकीर गल्लीसारख्या बाजारातील दुकानदारांनी तोवर थांबण्याची गरज नाही. विक्रीपूर्वी त्यांनी ग्राहकाला लॅपटॉपवरील विंडोज विचारावे, लॅपटॉप सोबत आणला असल्यास ट्रॅकपॅड जोडून दाखवावा, आणि न चालणारा माल खळखळ न करता परत घ्यावा. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

आपला,
एक अक्षरजुळणीकार,
नारायण पेठ, पुणे