ॲनाबद्दल सईला पत्र

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या भाषणाचा मसुदा वाचला. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तिथून सुरुवात केलीस ते फार आवडलं. गॅरिसन, हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस, अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या या तिघांवरही मन लावून लिहिलंयस. पण ‘डग्लस गुलामीतून एकटाच निसटला’ हे वाक्य मला पटलं नाही.

एकटा कसा गं? ३ सप्टेंबर १८३८ ला बाल्टिमोरहून तो आगगाडीत चढला, तेव्हा अंगावर खलाशाचे कपडे होते आणि खिशात एका मित्राचा खलाशी दाखला, म्हणजे तो गुलाम नसून स्वतंत्र खलाशी असल्याचा कागद. त्यावरचं वर्णन डग्लसशी जुळत नव्हतं. कंडक्टरने नीट वाचलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. वरचा गरुडाचा शिक्का बघून तो पुढे गेला.

या प्रवासाला पैसे दिले ॲना मरेने. ती जन्माने स्वतंत्र होती आणि बाल्टिमोरमध्ये लोकांच्या घरी काम करायची. साठवलेले पैसे तर दिलेच, वर खर्चासाठी तिने आपली पिसांची एक गादीही विकली. हे तिच्या मुलीने, रोझेटाने, लिहून ठेवलंय. १५ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये दोघांचं लग्न झालं.

१८४५ मध्ये डग्लसचं आत्मचरित्र आलं आणि त्याची ओळख उघड झाली. आता मालक पकडून नेईल, या भीतीने तो आयर्लंड-इंग्लंडला गेला. इकडे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावात ॲना जोडे शिवून संसार चालवत होती, आणि त्या कमाईतला वाटा गुलामगिरीविरोधी कामालाही देत होती. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या घरी गुलामीतून पळून कॅनडाकडे निघालेली माणसं रात्री-अपरात्री यायची. कडाक्याच्या थंडीतसुद्धा उठून त्यांच्यासाठी रांधायचं, ते ॲनानेच.

तिला लिहिता-वाचता जवळजवळ येत नव्हतं, त्यामुळे तिच्या हातचं काही मागे राहिलं नाही. पण डग्लसने तरी आपल्या पुस्तकांत तिच्याबद्दल भरभरून लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

टबमनचा परिच्छेद आहे तसाच ठेव. गुलामांना सोडवणारी कोंबाही नदीवरची १८६३ ची मोहीम तू छान रंगवली आहेस. गॅरिसनचा भाग मात्र कापलास तरी चालेल. १८३१ ते १८६५ त्याने ‘लिबरेटर’ हे गुलामगिरीविरोधी वर्तमानपत्र नेटाने चालवलं, एवढं सांगितलंस तरी पुरे. उरलेली दोन मिनिटं ॲनाला दे.

तुझी,
आई