गाडी थरथरायची थांबली, काका

काका,

साष्टांग नमस्कार. गाडीखाली उताणा पडलेला माणूस साष्टांग कसा घालणार हा प्रश्न आहेच. पण गेले तीन महिने मी त्याच अवस्थेत होतो, आणि त्यातले बरेच तास तुम्हीही माझ्या शेजारी आडवे होतात, तेव्हा समजून घ्या. तोंडावर आभार मानले असते तर "बरं बरं, तो पाना दे" म्हणून तुम्ही विषय संपवला असता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

जुन्या गाडीतला तीन गिअरचा ऑटोमॅटिक काढून पाच गिअरचा मॅन्युअल घालायचं खूळ माझंच. गिअरबॉक्स इंजिनला चढला, क्लच नीट सुटायला लागला, आणि मला वाटलं की डोंगर पार झाला. उरलं काय, तर गिअरबॉक्सला मागून धरणारं माउंटिंग आणि शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा. "दोन संध्याकाळचं काम," असं मी तुम्हाला फोनवर म्हणालो होतो. तेव्हा तुम्ही हसला नाहीत, त्याबद्दल पहिले आभार.

शाफ्ट कापून आखूड करायचा होता. तुम्ही आलात तेव्हा गाडी स्टँडवर होती, मागच्या चाकांचा अ‍ॅक्सल लोंबकळत होता आणि मी टेप धरून माप घेत होतो. तुम्ही एवढंच विचारलंत, "गाडी चाकांवर चालणार आहे, की अशीच टांगून?" चाकांवर वजन आणून पुन्हा मोजलं तर माप जवळजवळ अर्धा इंच कमी भरलं. स्लिप योक, म्हणजे शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये सरकणारं टोक, पूर्ण आत ढकलायचा, मग 20 ते 25 मिमी बाहेर ओढायचा आणि तिथून लांबी धरायची, हे तुम्ही मला हाताला धरून करायला लावलंत. तेवढी जागा ठेवली नाही तर खड्ड्यात स्प्रिंग दबल्यावर योक आत जाऊन आपटतो आणि तो मार थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो. माझ्या मापाने शाफ्ट कापला असता तर तो मार ठरलेलाच होता.

मग तो क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या जॉइंटमधला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, चारही टोकांना बेअरिंगच्या टोप्या. नव्या युनिव्हर्सल जॉइंटची चौथी टोपी जेमतेम दोन मिलिमीटर वर राहिली होती, टोपी अडवणारी कडी, म्हणजे सर्क्लिप, खाचेत जाईना. मी हातोडा उचलला. "ठोकू नकोस. काढ." काढली. आत ग्रीसमध्ये बेअरिंगची एक सुई आडवी पडली होती, केसाच्या पिनेएवढी. बाकीच्या सगळ्या भिंतीला चिकटून शिस्तीत उभ्या, आणि ही एकटी तळाशी झोपलेली. तुम्ही ती नखाने उचललीत, जागेवर उभी केलीत, आणि टोपी अंगठ्याच्या दाबाने आत गेली. सर्क्लिप खाचेत बसल्याचा तो टक् आवाज अजून कानात आहे.

एवढं होऊनही गाडी 80 च्या वर थरथरायचीच. मी शाफ्ट दोनदा बॅलन्स करून आणला. फरक शून्य. तिसऱ्यांदा निघालो होतो तेव्हा तुम्ही अडवलंत. "क्लच दाबून, गाडी नुसती धावू देऊन बघितलंस? तरी थरथरते? मग इंजिन नाही. आणि बॅलन्सचा झटका फेरीला एकदा बसतो, हा दोनदा बसतोय." त्या वेगाला माझा शाफ्ट मिनिटाला साधारण 2300 फेऱ्या घेतो. फेरीला दोन म्हणजे सेकंदाला पाऊणशेच्या वर झटके. हे तुम्ही सीटवर बसून, बुडाने ओळखलंत. (माफ करा, पण दुसरा शब्द नाही.)

मग कोन मोजायचा तो गेज निघाला. पुढच्या जॉइंटला 4.5 अंश, मागच्याला 3. दोन्ही सारखे हवेत, एकाने फेरीच्या वेगात घातलेला झोल दुसऱ्याने काढायला हवा. हूकचा जॉइंट, म्हणजे हाच युनिव्हर्सल जॉइंट, मी कॉलेजात आकृतीसकट लिहून मार्क मिळवले होते. तोच जॉइंट नाकावर ग्रीस सांडत होता तेव्हा मात्र ओळखता आला नाही.

तुम्ही विचारलंत, "गिअरबॉक्सचं शेपूट एवढं खाली का?" आणि मी गप्प बसलो. कारण मला माहीत होतं. गिअरबॉक्सचं वरचं झाकण बोगद्याच्या, म्हणजे गाडीच्या तळातल्या उंचवट्याच्या, पत्र्याला घासत होतं. पत्रा ठोकायचा कंटाळा आला म्हणून मीच क्रॉसमेंबर, म्हणजे गिअरबॉक्सखालची आडवी तुळई, खाली घेऊन माउंटिंग बसवलं होतं, आणि तुम्हाला सांगितलं नव्हतं. शाफ्ट बिचारा निर्दोष होता.

तुम्ही ओरडला नाहीत. गालिचा उचललात, बोगद्याची कड ठोकून बोटभर वर घेतलीत, आणि माउंटिंगखाली 10 आणि 12 मिमीच्या दोन पट्ट्या सरकवल्यात. बोल्ट आधी सगळे ढिले, मग गाडी चाकांवर, रबर आपल्या जागी बसल्यावरच आवळायचे. पुन्हा गेज लावला. पुढे 2, मागे 2. तुम्ही गेज माझ्याकडे वळवून धरलात आणि काहीच बोलला नाहीत. त्या न बोलण्याचे आभार सगळ्यात जास्त.

काल गाडी 100 वर नेली. आरशात मागची गाडी स्पष्ट दिसते, नंबरसकट. पूर्वी नुसता ठिपका हलायचा. सांगितल्याप्रमाणे 500 किलोमीटरनंतर माउंटिंगचे बोल्ट पुन्हा तपासले. चारातला एक पाव फेरी आवळला गेला. तुमचा गेज माझ्याकडेच राहिलाय. रविवारी घेऊन येतो, याच गाडीने.

तुमचा,
गाडीखालचा