लिस्ट तोडायच्या आधी एवढं वाच

प्रिय मित्रा,

तुझी मेल वाचली. फोनवर दोन वाक्यांत उरकता आलं असतं पण हा विषय मला खरंच जिव्हाळ्याचा आहे, म्हणून निवांत बसून लिहितोय.

तू म्हणतोस तुमच्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे एक मेल टाकली की सगळ्या मेंबरांना जाते तिथे, आता इतकं येतं की जुनी अनुभवी मंडळी वाचायचीच थांबलीत, म्हणून युजर्सची लिस्ट वेगळी आणि डेव्हलपर्सची वेगळी करून टाकू. त्रास खरा आहे, त्याबद्दल वादच नाही. पण मला एकच सांग, युजर्सच्या त्या नव्या लिस्टवर उत्तरं कोण देणार? नावं घेऊन सांग. आज जी चार-पाच माणसं उत्तरं देतात तीच पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेले बदल, पण बघतात ना? मग लिस्ट दोन झाल्या तरी माणसं तेवढीच राहणार, आणि थकलेला माणूस पहिल्यांदा युजर्सची लिस्ट उघडायचं बंद करतो. तिथे प्रश्न विचारणाऱ्यांचे प्रश्न पडून राहतात आणि ते कुणाला कळतही नाही.

ओपनस्टॅकवाल्यांचं बघ, क्लाउड चालवायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे ते. त्यांच्याकडे बनवणाऱ्यांची लिस्ट वेगळी, प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये चालवणाऱ्यांची वेगळी, जनरल वेगळी, शिवाय सिग्जची, म्हणजे एकेका विषयाच्या गटांची, आणखी एक. झालं काय की महत्त्वाचा विषय आला की लोक दोन-तीन लिस्टवर एकदम पाठवायचे, उत्तर देणारा त्यातल्या एकाच लिस्टचा मेंबर असायचा, आणि एकच चर्चा अर्धी इकडे अर्धी तिकडे. शेवटी २०१८ च्या अखेरीस त्यांनी या चारही बंद करून ओपनस्टॅक-डिस्कस ही एकच लिस्ट केली आणि विषयाच्या ओळीत कंसात टॅग लिहायचा नियम घातला, त्यातल्या नोव्हा या भागाचं असेल तर नोव्हा, न्यूट्रॉनचं असेल तर न्यूट्रॉन. एवढा अवाढव्य प्रोजेक्ट, इतक्या कंपन्या त्यात, आणि तरी ते उलट्या दिशेने गेले.

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रोजेक्टमध्ये पण पूर्वी पॅचेससाठी वेगळी लिस्ट होती, ती २००८ च्या सुमारास बंद करून सगळं हॅकर्स लिस्टवर, म्हणजे डेव्हलपर्सच्या लिस्टवर, आणलं. मला ते फार पटतं, कारण पॅच आणि त्यामागचा वाद एकाच थ्रेडमध्ये, म्हणजे मेल-उत्तरांच्या एकाच साखळीत, असला की दहा वर्षांनी एखाद्याला प्रश्न पडला ‘हे असं का केलं असेल’ तरी एका जागी सगळं सापडतं. आणि कुठला पॅच कुठे अडकलाय हे बघायला त्यांनी कमिटफेस्ट, म्हणजे पॅच तपासायच्या ठरावीक फेऱ्या आणि त्यांची यादी, ठेवलं. म्हणजे हिशोब ठेवायचं काम लिस्टवर टाकलं नाही, ते वेगळं काढलं.

आता तू म्हणशील लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, काय, तिथे तर ढिगाने लिस्ट आहेत. हो, आहेत, नेटवर्किंगची नेटडेव्ह, मेमरीची लिनक्स-एमएम, फाइलसिस्टिमची वेगळी, आणि त्यांची मुख्य लिस्ट एलकेएमएलवर तर दिवसाला शेकड्याने मेल येतात, ती अख्खी कोणी वाचत नाही. पण तिथे आधी माणसं वेगळी झाली, मग लिस्ट. नेटवर्किंगचे मेंटेनर, म्हणजे तो भाग सांभाळून पॅच घेणारे, वेगळे, त्यांची ट्री, म्हणजे कोडची प्रत, वेगळी. मेंटेनर्स नावाची फाइल सोर्समध्येच आहे, त्यात कुठल्या भागाचे पॅच कुठल्या लिस्टवर हे लिहिलेलं असतं आणि एक स्क्रिप्ट चालवली की ती तुला पत्ते काढून देते, नवख्याला अंदाज बांधत बसायची गरज नाही. पाठवायला आधी मेंबर व्हावं लागत नाही, दोन-तीन लिस्टना सीसी केलं तर कोणी ओरडत नाही, आणि लोर डॉट कर्नल डॉट ऑर्गवर सगळ्या लिस्ट एकत्र शोधता येतात. यातलं तुमच्याकडे आत्ता काय आहे? तुमच्या डॉक्युमेंटेशनची किंवा विंडोज पोर्टची खरोखर वेगळी टीम उभी राहिली आणि ते म्हणाले आम्हाला आमची लिस्ट हवी, तर बिनधास्त दे.

तोवर पहिलं काम हे कर, बॉट, म्हणजे आपोआप मेल पाठवणारे प्रोग्रॅम, बाहेर काढ. तू पाठवलेला तो गेल्या आठवड्याचा नमुना मी वर-खाली करून बघितला, त्यात सीआय (कोडची आपोआप होणारी चाचणी) फेल झालं, इश्यू (नोंदवलेली अडचण) बंद झाला, कमिट (कोडमध्ये बदल जमा) झालं, याच मेल डोळ्यात भरतात. अपाचे फाउंडेशनच्या ओपन सोर्स प्रोजेक्ट्समध्ये कमिट्सची लिस्ट वेगळी असतेच, इश्यूच्या नोटिफिकेशनची पण बऱ्याच ठिकाणी वेगळी काढतात, आणि त्याने कोणाचं नुकसान होत नाही कारण मशीनच्या मेलला उत्तराची वाट बघायची नसते. माणसांचं बोलणं मात्र एकत्र राहू दे. ज्याला कमी वाचायचंय त्याने टॅगवर फिल्टर लावावा, जीमेलमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. एका लिस्टचे दोन फोल्डर कोणीही आपल्यापुरते करू शकतं रे, पण उगमापाशीच तोडलेला थ्रेड वाचणाऱ्याला जोडून घेता येत नाही.

दुसरं, कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटच्या लिस्टवर त्याचे मेंटेनर जुनिओ हमानो ‘व्हॉट्स कुकिंग’ म्हणून नियमित मेल टाकतात, कुठला विषय कुठवर आलाय, कशाला रिव्ह्यू हवाय, काय पुढच्या रिलीजमध्ये जाणार, सगळं एका मेलमध्ये. गिटची मुख्य लिस्ट एकच आहे बघ, नवख्याचा प्रश्न आणि मेंटेनरचा पॅच शेजारी शेजारी. अशी मेल तुमच्याकडे कोणीतरी दर आठवड्याला लिहिली तर जुनी मंडळी तेवढी वाचून ठरवतील कुठल्या थ्रेडमध्ये शिरायचं.

आणि एक गोष्ट मनापासून. दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की गूगलच्या समर ऑफ कोडसाठी, म्हणजे नवख्यांना ओपन सोर्समध्ये काम देणाऱ्या उपक्रमासाठी, आपल्याकडची पोरं अशा लिस्टवर येतात, पुण्याची, नागपूरची, कोल्हापूरची. पहिला प्रश्न बाळबोध असतो, पण तिथेच राहून ती बघतात की मोठी माणसं एकमेकांचा पॅच कसा नाकारतात, कारण कसं देतात, चुकलं तर कसं मान्य करतात. त्यांना युजर्सच्या लिस्टवर पाठवलंस तर हे त्यांच्या नजरेलाच पडणार नाही, आणि तुला पुढचे मेंटेनर मिळणार कुठून?

तेव्हा मतदान लगेच लावू नकोस. आधी बॉटची लिस्ट काढ, टॅगचा नियम लिस्टच्या माहितीत लिही, आठवड्याची मेल कोण लिहिणार ते विचार, हवं तर पहिल्या काही मी लिहून देतो. दोन-तीन महिने बघू. तरी जुनी मंडळी परतली नाहीत तर त्यांनाच एकेकाला विचार, नक्की काय वाचवत नाही ते. वहिनींना नमस्कार सांग, आणि उत्तर लिस्टवर टाकायच्या आधी मला एकदा दाखव.

तुझाच,
पुणेकर मित्र