जुन्या मशीनला आय/ओ बोर्ड जोडताना

महोदय,

जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत जुन्या मिलिंग मशीनला संगणकाचा पॅरलल पोर्ट (जुन्या प्रिंटरचा पोर्ट) जोडून ती सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी, केलेली दिसते. त्या पोर्टला आउटपुट (मशीनला जाणारे सिग्नल) १२ आणि इनपुट (मशीनकडून येणारे) अवघे ५. तीन अक्षांच्या लिमिट (हालचालीची हद्द), होम (सुरुवातीची जागा) आणि प्रोब (मोजणीची सुई) एवढ्यातच इनपुट संपतात. मग इनपुट-आउटपुट वाढवायला घाईत स्वस्त आय/ओ बोर्ड येतो.

आधी इनपुट मोजा, चारपाच शिल्लक धरा. बोर्ड २४ व्होल्टचा, ऑप्टो-आयसोलेटेडच (सिग्नल प्रकाशातून नेऊन दोन्ही बाजू विजेने अलग ठेवणारा) घ्या. ५ व्होल्टच्या तारेत व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) नॉइज शिरतो, लिमिट लागल्याचा खोटा सिग्नल जातो आणि चालू जॉब मध्येच थांबतो. सेन्सरही बोर्डाशी जुळला पाहिजे. मेसा कंपनीच्या ७आय७६ई बोर्डाला ३२ इनपुट आहेत, पण त्यांना पीएनपी (सिग्नलच्या तारेवर प्लस देणारा) सेन्सर लागतो. एनपीएन (ती तार मायनसला जोडणारा) लावला तर सेन्सरचा दिवा लागतो, इनपुट मात्र हलत नाही. लोक बोर्डालाच दोष देतात!

डीसी रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा, डायोडवरच्या पट्टीची बाजू प्लसला. इमर्जन्सी बटण मात्र केवळ बोर्डावर सोडू नका. त्याने कॉन्टॅक्टरच्या (मशीनची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलचा पुरवठा थेट तुटला पाहिजे. ऑपरेटरच्या हाताचा प्रश्न आहे. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बंद पॅनेल भट्टी होते, तेव्हा पंखा व फिल्टर हवाच.

– एक वाचक, जळगाव