आर. ए. डिकी सर, आमच्या कामाठीपुऱ्यासाठी थँक्यू

डिकी सर, नमस्कार,

हे मराठीत लिहितेय म्हणजे तुम्ही वाचणार नाही हे उघड आहे. पण आपल्या लोकांना तरी कळूदे की अमेरिकेतल्या टेनेसीचा एक बेसबॉल पिचर आमच्या भायखळा-नागपाड्याच्या बाजूला येऊन काय करून गेला. मी विचारलं त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणून आभार पण कोणी मानले नाहीत, तर आज मी मानते.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं. पिचर म्हणजे बेसबॉलमधला बोलरच समजा, फक्त टप्पा नसतो, साडेसाठ फुटांवरून बॉल थेट बॅटरकडे. आम्ही तेव्हा न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये, वुडसाइडला राहायचो. तिथून ७ नंबरची ट्रेन पकडली की थेट मेट्सच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या बेसबॉल टीमच्या, स्टेडियमला. मला बेसबॉलमधलं शून्य कळायचं, सचिन रिटायर व्हायचाय का नाही एवढंच आमचं क्रीडाविश्व, पण शेजारचे काका कट्टर मेट्सवाले, टीम हरायचीच आणि ते भिंतीपलीकडून शिव्या घालायचे, फक्त तुमची मॅच असली की चिडीचूप. म्हणून मी बघायला लागले की हा माणूस आहे तरी कोण.

आणि मग जे कळत गेलं ते भारी होतं. १९९६ ला अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ, टेक्सास रेंजर्स या टीमने नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्याच राउंडमध्ये उचललेलं, ८ लाख १० हजार डॉलरचं बोलणं झालेलं. तेवढ्यात टीमच्या माणसाला एका मॅगझिनच्या कव्हरवर तुमचा फोटो दिसतो, बाकीच्या पिचर्सबरोबर उभे आहात आणि तुमचा उजवा हात जरा विचित्र लोंबतोय. तपासणी होते आणि कळतं की कोपरातलं मेन लिगामेंटच नाहीये. फाटलंय वगैरे नाही, नाहीच! डॉक्टर म्हणे चाट पडले, याला दाराची मूठ फिरवताना पण दुखायला हवं आणि हा पोरगा नव्वद मैलांनी बॉल टाकतोय. ऑफर आली ७५ हजारांवर, आणि तुम्ही घेतलीत. मी असते तर आयुष्यभर त्या फोटोग्राफरच्या नावाने बोटं मोडली असती.

पुढची दहा वर्षं नुसतं वर-खाली. कधी रेंजर्स, जास्त करून मायनर लीग, म्हणजे खालच्या दर्जाच्या टीम, बायकापोरांना घेऊन या गावातून त्या गावात, भाड्याची घरं. २००५ मध्ये हाताचा वेग कमी झाल्यावर रेंजर्सच्या कोचनी सांगितलं की आता नकलबॉलच टाक, नाहीतर संपलं. आपल्याकडे झहीरने २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये नकल बॉल टाकला तेव्हा सगळे त्याबद्दल बोलायला लागले, श्रीरामपूरचा पोरगा काय भन्नाट टाकतोय वगैरे, पण झहीरचा तो एक स्लोअर बॉल होता, मध्येच टाकायचा. तुम्ही आख्खी मॅच तेच टाकायचात. नखं बॉलच्या शिवणीखाली रोवायची आणि असा सोडायचा की तो फिरलाच नाही पाहिजे. बॉल फिरत नाही म्हणून शिवणीवरची हवा त्याला वाटेल तिकडे ढकलते, शेवटच्या क्षणी कुठे वळेल ते बॅटरला माहीत नाही, कॅचरला, म्हणजे मागच्या विकेटकीपरला नाही, आणि टाकणाऱ्याला पण नाही. तुमच्या कॅचरला म्हणून मोठा ग्लोव्ह घालावा लागायचा.

आणि नकलबॉल घेऊन २००६ च्या सीझनमधली तुमची पहिली मॅच सुरू करायला उतरलात, एप्रिलमध्ये, डेट्रॉइटविरुद्ध, तर सहा होमरन! म्हणजे आपल्या भाषेत सहा सिक्स, आणि तेही रेकॉर्डची बरोबरी. लगेच मायनरला रवानगी. पुढच्या वर्षी तर ओमाहाला मिसूरी नदी पोहून पार करायला गेलात आणि बुडता बुडता वाचलात, हे वाचून मी खरंच टॅब बंद केला होता, असलं कोण करतं हो, घरी लहान मुलं असताना.

या सगळ्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे नकलबॉलवाल्यांची बिरादरी. चार्ली हफनी ग्रिप बदलून दिली, फिल निक्रोनी शिकवलं, आणि टिम वेकफील्ड तर चक्क समोरच्या टीमचा असून स्वतःची प्रॅक्टिस बघायला देतो, विचारशील ते सांगतो. आपल्याकडे क्लासवाले नोट्स पण लपवून ठेवतात.

असो. तर २०१० ला मेट्समध्ये आलात तेव्हा पस्तिशी गाठलेली होती, आणि २०१२ मध्ये वीस मॅच जिंकलात. आख्ख्या टीमने सीझनभरात ७४ जिंकल्या त्यातल्या वीस तुमच्या नावावर! जूनमध्ये तर सलग दोन मॅचमध्ये समोरच्या टीमला एकेकच हिट, म्हणजे आख्ख्या मॅचमध्ये एकदाच नीट मारता आलं. विसावी विन २७ सप्टेंबरला पायरेट्सविरुद्ध, ६-५, तेरा स्ट्राइकआउट, म्हणजे तेरा बॅटर तुम्ही एकट्याने आउट केलेत, काकांनी त्या दिवशी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना बिअर वाटली, मला पण दिली, मी पीत नाही तरी घेतली. मग साय यंग अवॉर्ड, म्हणजे आपल्या लीगमधला वर्षातला बेस्ट पिचर, आणि नकलबॉलवाल्याला तो मिळायची ती पहिलीच वेळ.

पण पत्र यासाठी नाही लिहीत. त्याच वर्षीच्या जानेवारीत तुम्ही किलिमांजारो चढलात, सोबत पिचर केव्हिन स्लोवी आणि मेट्सचे बुलपेन कॅचर, म्हणजे सरावात पिचर्सचे बॉल पकडणारे, डेव्ह राकानिएलो. मेट्सनी लेखी कळवलं होतं की काही दुखापत झाली तर तुमचं साडेबेचाळीस लाख डॉलरचं काँट्रॅक्ट रद्द करायचा हक्क आम्ही राखून ठेवतोय. इतकी वर्षं वणवण करून पहिल्यांदा नीट पैसे दिसायला लागले होते, तरी गेलात. मी कारण वाचलं आणि थबकलेच. मुंबईतल्या बॉम्बे टीन चॅलेंज या संस्थेसाठी पैसे जमवायचे होते, देहविक्रीच्या धंद्यात ढकललेल्या बायका-मुलींना बाहेर काढायला. एक लाख डॉलरच्या वर जमले.

सर, माझं लहानपण कामाठीपुऱ्यापासून चालत पंधरा मिनिटांवर गेलं. कामाठीपुरा हा शब्द आमच्या घरात कधी कोणी उच्चारला नाही. बेस्टची बस त्या बाजूने गेली की आई म्हणायची समोर बघ, बास, एवढंच. शाळेत कोणाचा पत्ता त्या बाजूचा असला तर ती मुलगी नुसतं 'ग्रँट रोड' सांगायची. आणि तेलंगणातून आलेल्या कामाठी मजुरांची ही मूळ वस्ती, त्यांनी ही मुंबई बांधली, हे तर मला फार नंतर कळलं. तो शब्द मी पहिल्यांदा कोणाच्या तोंडून बिनदिक्कत ऐकला असेल तर तुमच्या, क्वीन्समध्ये बसून, स्पोर्ट्सच्या पानावर.

मग जानेवारी २०१३ मध्ये तुम्ही स्वतःच आलात. तोवर मेट्सनी तुम्हाला टोरांटोच्या टीमला देऊन टाकलं होतं (काका आठवडाभर बोलले नाहीत कोणाशी). आणि येताना तुमच्या दोन शाळकरी मुलींना सोबत आणलंत! त्या जमवलेल्या पैशांतून कामाठीपुऱ्यात दवाखाना उभा राहिला तो बघायला. आमच्या आईबापांनी आम्हाला ज्या गल्लीकडे बघू दिलं नाही तिथे तुम्ही आपल्या लेकींना हात धरून नेलंत. यावर आईचं म्हणणं, 'त्याला काय, तो परत जाणार, आपल्याला इथेच राहायचं होतं.' तिचंही खोटं नाही. पण मला तुमचं पटतं.

दुसरं थँक्यू जरा अवघड आहे. तुमच्या आत्मचरित्रात तुम्ही लिहिलंत की आठ वर्षांचे असताना तुमच्यावर लैंगिक अत्याचार झाले आणि कित्येक वर्षं तुम्ही ते कोणाला बोलला नाहीत. एवढा दाढीवाला, धिप्पाड, नावाजलेला खेळाडू, आणि हे पुस्तक त्याने करिअर संपल्यावर नाही काढलं, सीझन सुरू व्हायच्या तोंडावर काढलं, रोज त्याच ड्रेसिंग रूममध्ये जायचं असताना. माझी मुलगी तेव्हा लहान होती. तिच्याशी या विषयावर कसं बोलायचं ते मला कळत नव्हतं, कारण माझ्याशी कधी कोणी बोललंच नव्हतं. तुमचं वाचून मी सुरुवात तुमच्यापासूनच केली, म्हटलं तो मेट्सचा दाढीवाला पिचर माहितीये ना, तो लहान होता ना तेव्हा त्याच्याशी कोणीतरी खूप वाईट वागलं आणि त्याने सांगितलंच नाही कोणाला. तिने लगेच विचारलं, का नाही सांगितलं? आणि मग आमचं बोलणं झालं, चांगलं तासभर, आणि नंतरही होत राहिलं. ती आता मोठी झालीये, हे पत्र तिने वाचून ओके दिलंय.

टोरांटोला पुढे तुम्ही पुन्हा तेवढे चालला नाहीत, फील्डिंगसाठीचं गोल्ड ग्लोव्ह अवॉर्ड मिळालं, २०१७ ला अटलांटात खेळून थांबलात. १२० विन, ११८ लॉस. कोणी हा आकडा बघून 'साधारणच होता' म्हणालं की मला राग येतो, कोपरात लिगामेंट नसताना टाकून दाखव म्हणावं आधी.

आम्ही परत मुंबईत आलोय. कामाठीपुऱ्यात आता म्हाडाच्या पुनर्विकासाचं चाललंय, टॉवर होतील, त्या बायकांचं काय होणार यावर कोणी फार बोलत नाही. पुन्हा कधी आलात तर कळवा, माझ्या मुलीला तुम्हाला भेटायचंय, आणि नागपाड्याला सरवीचे सीख कबाब तुम्हाला मी खिलवणार, बिल माझं.

मनापासून थँक्यू सर.

भायखळ्याची एक मेट्सवाली